शाळेतला छळ : कायद्याने बांधायचे कोणाला?

एखाद्या शाळेच्या आवारात चार मुले मिळून एकाला मारत असल्याची चित्रफीत मोबाइलवरून गावोगाव फिरली, की आठ-पंधरा दिवस एक ठरलेला वाद रंगतो. एक बाजू म्हणते, अशा पोरांना शाळेतून काढा, पोलिसांच्या ताब्यात द्या, कडक कायदा करा. दुसरी बाजू म्हणते, पोरे म्हटली की भांडणे आलीच. आम्हीही मार खाल्ला, म्हणून आमचे काय बिघडले? सातारा-सांगलीकडच्या पालकसभांत, पंचायत समितीच्या सभागृहात आणि वृत्तपत्रांच्या वाचक-पत्रांत या दोन्ही बाजू तावातावाने मांडल्या जातात, आणि चित्रफीत विस्मरणात गेली की वादही विरून जातो. मला हा वाद मुळातच चुकीच्या जागी उभा राहिलेला वाटतो. दोन्ही बाजूंना फक्त मुले दिसतात : मारणारी आणि मार खाणारी. ज्या मोठ्या माणसांच्या ताब्यात ही मुले रोजचे पाच-सहा तास असतात, त्यांचे कर्तव्य काय होते आणि ते त्यांनी पार पाडले का, हे कोणी विचारत नाही. छळ रोखण्यासाठी कायदा हवाच, असे माझे मत आहे. मात्र त्याने बारा वर्षांच्या मुलाला बांधण्यात अर्थ नाही. मुख्याध्यापक, संस्थाचालक, केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी यांना त्याने बांधले पाहिजे.

कडक कायदा मागणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की तसा कायदा महाराष्ट्रात पंचवीस वर्षांहून अधिक काळ अस्तित्वात आहे. राज्याचा रॅगिंगला मनाई करणारा अधिनियम १९९९ चा. तो महाविद्यालयांसाठी म्हणून ओळखला जात असला, तरी त्यातली शिक्षणसंस्थेची व्याख्या इतकी ऐसपैस आहे की शाळा, वसतिगृह, अनाथालय आणि शिकवणीचे वर्गही तिच्यात बसतात. आणि रॅगिंगच्या व्याख्येत शारीरिक इजेबरोबरच चिडवणे, शिवीगाळ, धमकी, एखाद्याला भीती किंवा लाज वाटेल असे वर्तन, हे सारे येते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला संस्थेतून काढायचे आणि पाच वर्षे दुसऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश द्यायचा नाही. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, सकृद्दर्शनी तथ्य दिसल्यास विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलीस ठाण्याकडे धाडायची. यात कुचराई झाली तर संस्थाप्रमुखानेच गुन्ह्याला साहाय्य केले असे मानले जाते. याहून कडक काय असावे? आता हाच कायदा सहावीतल्या मुलाला लावून पाहू. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार अठरा वर्षांखालील मुलाला तुरुंगात धाडता येत नाही, त्यामुळे दोन वर्षांची कैद कागदावरच राहते. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद २१-क ने ज्याला सहा ते चौदा या वयात मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला आहे, त्याला पाच वर्षे कोणत्याच शाळेत घेऊ नका असे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे?

परिणामी मुख्याध्यापकापुढे दोनच वाटा उरतात. मधल्या सुट्टीतल्या टिंगलटवाळीचे प्रकरण पोलीस ठाण्यापर्यंत न्यायचे, किंवा काहीच करायचे नाही. माणूस कितीही सज्जन असला तरी तो दुसरी वाट धरणार, आणि तीही सुरक्षित करून घेणार. तक्रार लेखी येऊच न देणे, ही त्यातली सर्वांत सोपी युक्ती. 'लिहून कशाला देताय दादा, मी बघतो की,' हे शब्द शाळेच्या पायरीवर ऐकले नाहीत असा पालक विरळाच. त्यामागे दरवेळी दुष्टावा असतो असे नाही. कित्येकदा त्या पोराविषयीची दयाच असते. पण तोंडी तक्रारीला ना तारीख असते, ना आवक क्रमांक. पुढच्या महिन्यात तोच प्रकार घडला की पालकाला पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागते, आणि तिसऱ्या खेपेला तोच 'सतत तक्रारी करणारा' ठरतो. कायद्यातली शिक्षा जितकी भारी, तितकी ती वापरण्याची तयारी कमी, असा हा अनुभव आहे.

तरीही कडक कायद्याच्या बाजूने एक मुद्दा असा आहे की तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या पालकाच्या हाती पैसा नाही, ओळख नाही, जो रोजगार बुडवून शाळेत येतो, त्याचे म्हणणे ऐकून घ्यायला लावणारी दुसरी कोणतीही शक्ती त्याच्यापाशी नसते. समजूतदारपणा, संस्कार, समुपदेशन ही भाषा ज्यांची मुले छळली जात नाहीत त्यांना परवडते. ऊसतोडीच्या हंगामात फडाजवळच्या शाळेत चार महिन्यांपुरते बसवलेले मूल, जत तालुक्याच्या सीमेवरचे घरी कानडी बोलणारे मूल, पारधी वस्तीवरचे मूल, यांच्या वाट्याला येणारा छळ हा चांगल्या मनाच्या भरवशावर सोडता येत नाही. गंभीर मारहाण, लैंगिक अत्याचार, जातिवाचक शिवीगाळ यांसाठी पॉक्सो (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा), बाल न्याय कायदा, अॅट्रॉसिटी कायदा आहेत आणि तिथे शाळेने 'आपसात मिटवणे' हा स्वतंत्र अपराध मानला गेला पाहिजे. पॉक्सोमध्ये कळूनही न कळवणे हा गुन्हा आहेच. माझा आक्षेप या कायद्यांवर नाही. आक्षेप आहे तो उरलेल्या, म्हणजे रोजच्या, बारीकसारीक, वर्षभर चालणाऱ्या छळावरही तोच फौजदारी उपाय लावण्याच्या हट्टावर.

महाविद्यालयांचे उदाहरण इथे हमखास दिले जाते. २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या टांडा येथील वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाचा विद्यार्थी रॅगिंगमध्ये मरण पावला, त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याच वर्षी विनियम केले, आणि प्रवेश घेताना प्रतिज्ञापत्र, चोवीस तासांची हेल्पलाइन, रॅगिंगविरोधी समिती व पथके हे सारे सक्तीचे झाले. त्याचा उपयोग झाला हे मान्य. परंतु त्या विनियमांत बळ आले ते संस्थेवर टाकलेल्या जबाबदाऱ्यांतून. विद्यार्थी सज्ञान, कारवाई न करणाऱ्या महाविद्यालयाच्या अनुदानावर टाच, आणि वसतिगृहाला रेक्टर, अशी ती रचना होती. शाळेला तिच्यातून नेमका पहिला घटक घेता येत नाही, आणि दुसरा घ्यायला कोणी तयार नाही.

दुसऱ्या बाजूचेही सगळे म्हणणे चुकीचे नाही. मुलांची प्रत्येक झटापट हा छळ नसतो. गोट्यांवरून, पेनावरून, कबड्डीतल्या पकडीवरून होणारी मारामारी दुसऱ्या दिवशी विसरली जाते, आणि तिच्यात मोठ्यांनी नाक खुपसले की ती चिघळते. मुलांनी आपसातले तंटे आपण मिटवायला शिकणे हेही शिक्षणच आहे. नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डान ओल्वेउस यांनी या विषयाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला, तेव्हा त्यांनी भांडण आणि छळ यांच्यात तीन खुणांनी रेघ ओढली : हेतू, पुनरावृत्ती आणि बळातली तफावत. ज्याला उलट मारता येत नाही, उलट बोलता येत नाही, आणि ज्याला उद्याही तेच भोगायचे आहे, त्याला 'तुमचे तुम्ही मिटवा' असे सांगणे म्हणजे बलवानाच्या बाजूने निकाल देणे होय. 'आम्हीही मार खाल्ला' असे सांगणारे शिकून पुढे गेलेले असतात, म्हणून ते आज सभेत बोलू शकतात. ज्याने सातवीत शाळा सोडली आणि वीटभट्टी गाठली, तो या वादात साक्ष द्यायला येतो कुठे?

खानापूर, आटपाडी, विटा या भागातली कितीतरी कुटुंबे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. त्यांतली काही मुले मधल्याच इयत्तेत गावी परततात, आजी-आजोबांपाशी राहतात आणि गावच्या शाळेत बसतात. तामिळनाडूतून आलेल्या अशा एका सहावीतल्या मुलाला त्याच्या वर्गाने 'अण्णा' म्हणायला सुरुवात केली. वरवर पाहता त्यात काहीच वाईट नव्हते. मग त्याच्या मराठीची नक्कल सुरू झाली. मग खिचडीच्या पंगतीत त्याच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली, नळावर त्याचा नंबर आला की मागची मुले पुढे सरकू लागली, आणि कबड्डीचे गडी निवडताना त्याचे नाव कोणाच्याच तोंडी येईनासे झाले. त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही. दिवाळीनंतर तो आठवड्यातून दोन दिवस घरी राहू लागला आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे शेरा पडला : 'अनियमित'. शाळेच्या दप्तरात त्या मुलाविषयी असलेली ती एकमेव नोंद. गैरहजेरी नोंदली गेली. तिचे कारण वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक होते, पण ते लिहिण्यासाठी कोणत्याही नमुन्यात रकाना नव्हता.

मार नाही म्हणजे इजा नाही, हा समज प्रौढांच्या बाबतीत आपण कायद्याने मोडीत काढलेला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. त्यांनी उभ्या केलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींच्या मनमानीविरुद्ध मोहीम उघडली, अनेक वाळीत टाकलेली कुटुंबे बोलू लागली, आणि २०१६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराला प्रतिबंध करणारा कायदा संमत केला. देशातला तो अशा प्रकारचा पहिला कायदा. पंगतीत न बसवणे, लग्नाला न बोलावणे, बोलणे टाकणे यांनी माणूस मोडतो, हे राज्याने त्यात मान्य केले. मग पंगतीत शेजारी न बसण्याने दहा-अकरा वर्षांचे मूल मोडत नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? त्या कायद्याप्रमाणे मुलांवर खटले भरा असे मी म्हणत नाही. इतकेच की, इजा ओळखायची कसोटी एकदा मान्य केल्यावर शाळेच्या फाटकाशी ती काढून ठेवता येत नाही.

साताऱ्याच्या माणसाला तर हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर साताऱ्याच्या सरकारी इंग्रजी शाळेत दाखल झाले. तीच आजची प्रतापसिंह हायस्कूल, आणि तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. या मुलाने वर्गात वेगळे बसावे, बसायचे गोणपाट घरून आणावे व घरी न्यावे, तहान लागली तरी शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी पिऊ नये, अशी व्यवस्था होती. पुढे त्यांनी स्वतःच हे लिहून ठेवले आहे. त्यात कोण्या एका टारगट मुलाचा दोष शोधून काय हाती लागेल? अपमानाची ती रचना मोठ्यांनी केलेली होती, शाळेच्या शिस्तीचा भाग म्हणून ती रोज पाळली जात होती, आणि मुले तिच्यातून काय शिकायचे ते शिकत होती. त्याच गावात १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृह चालवायला घेतले आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. सगळ्या जातींची मुले तिथे एकत्र राहत, एकत्र जेवत, कामे वाटून घेत. तिथल्या मुलांची मने उपजत मोठी होती म्हणून हे घडले काय? पंगत कशी बसेल, पाणी कोण भरेल, झाडलोट कोणाकडे, हे एका मोठ्या माणसाने ठरवले होते, त्याकडे रोज लक्ष दिले होते, आणि त्याची जबाबदारी स्वतःवर घेतली होती. एकाच गावातल्या या दोन व्यवस्थांमध्ये चोवीस वर्षांचे अंतर आहे आणि फरक मोठ्यांच्या वागण्याचा आहे.

इतर देशांनी या प्रश्नावर जे केले त्यातूनही हेच दिसते. १९८२ च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्या; छळ हे त्यामागचे कारण असावे असा निष्कर्ष निघाला आणि १९८३ मध्ये देशभर मोहीम झाली. ओल्वेउस यांनी बर्गेन शहरातल्या बेचाळीस शाळांत त्या काळात केलेल्या पाहणीत छळाचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटल्याचे आढळले. उपाय साधे होते : सुट्टीत मैदानावर शिक्षकांची खरीखुरी देखरेख, वर्गाने मिळून ठरवलेले नियम, दर आठवड्याची वर्गसभा, दोन्ही बाजूंच्या मुलांच्या पालकांशी गंभीर बोलणे. याउलट अमेरिकेत जॉर्जिया राज्याने १९९९ मध्ये कायदा केला, तो वर्षात तिसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्या मुलाला वेगळ्या शाळेत हलवण्यावर भर देणारा. दक्षिण कोरियाने २०१२ पासून छळ करणाऱ्याची नोंद त्याच्या शालेय अभिलेखात ठेवायला सुरुवात केली; ती महाविद्यालयीन प्रवेशाच्या आड येऊ लागताच ऐपतदार पालकांनी वकील उभे केले आणि शाळेतल्या कुरबुरी न्यायालयात पोहोचल्या. आपल्याकडे तसे झाले तर वकील कोणाच्या बाजूने उभा असेल, हे सांगायला नको.

जपानचा अनुभव मला सर्वांत बोलका वाटतो. २०११ मध्ये ओत्सु शहरातल्या एका माध्यमिक विद्यार्थ्याने जीव दिला आणि शाळेने व शिक्षण मंडळाने प्रकरण झाकल्याचे उघड झाले. २०१३ मध्ये तिथे छळ प्रतिबंधाचा कायदा झाला. २०११ च्या शैक्षणिक वर्षात देशभरात सत्तर हजारांच्या आसपास प्रकरणे नोंदली गेली होती. २०२३ च्या शैक्षणिक वर्षात ती सात लाखांच्या वर गेली. आपल्याकडे असा आकडा निघता तर विधानसभेत राजीनामे मागितले गेले असते. तिथल्या शिक्षण मंत्रालयाने मात्र वाढती नोंद हे शाळा लक्ष देत असल्याचे चिन्ह मानले, आणि जी शाळा 'शून्य' कळवते तिने तो शून्य पालकांसमोर जाहीर करून तो खरा आहे ना याची खातरजमा करावी, असा आग्रह धरला. छळामुळे मूल दीर्घकाळ गैरहजर राहिल्याचा संशय असेल, तर त्या कायद्यात ती गंभीर बाब ठरते आणि चौकशी बंधनकारक होते. विट्याकडच्या त्या मुलाच्या हजेरीपटावरचा शेरा तिथे चौकशीची पहिली पायरी ठरला असता.

शिक्षकांचा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो, कारण तो अनुभवातून येतो. शिक्षणहक्क कायद्याच्या निकषानुसार साठ पटापर्यंत दोन शिक्षक. पाटण-जावळीच्या डोंगरातल्या शाळेत त्यांतला एक केंद्रशाळेतल्या बैठकीला किंवा मतदारयादीच्या कामाला गेला, की दुसऱ्याने चार वर्ग सांभाळायचे, पोषण आहाराचा हिशेब लिहायचा, ऑनलाइन माहिती भरायची. बदलापूरच्या घटनेनंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये, कॅमेरे, तक्रारपेट्या आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समित्या यांचे आदेश पुन्हा बजावले गेले. समितीचा फलक लागला, पेटीला कुलूपही लागले, पण किल्ली कोणाकडे आणि पेटी उघडायची कधी, हे अनेक ठिकाणी सांगता येत नाही. त्यात आणखी एक कायदा म्हणजे आणखी एक रजिस्टर, ही शिक्षकांची भीती निराधार नाही. खोट्या तक्रारी होतील, भावकीतले वैर किंवा निवडणुकीतले राजकारण मुलांच्या नावाने शाळेत येईल, हीही भीती खरी आहे. पण या भीतीतून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. तक्रार लेखी नसते तेव्हाच तर तिच्यात गावकी शिरते. पारावर आणि चहाच्या टपरीवर तिचा निवाडा होतो आणि शिक्षक त्यात नाहक भरडला जातो. सात दिवसांत काय पाहिले, कोणाशी बोललो, काय केले, याची सही-तारखेची नोंद ही शिक्षकाचीच ढाल असते.

आणि कर्तव्याचा कायदा शाळेत चालतो, याचा दाखला आपल्याच घरात आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलांना मारण्यास आणि त्यांच्या मानसिक छळास मनाई केली, तेव्हा छडीशिवाय विद्या येत नाही असे छातीठोक सांगणारे कमी नव्हते. त्या कलमाने शिक्षकांना तुरुंगाची धमकी दिली नाही. सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होईल एवढेच म्हटले. मार पूर्ण थांबलेला नाही, पण वेताची छडी आज कोणी शिक्षक अभिमानाने टेबलावर ठेवत नाही. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादी, म्हणजे मुले कृतीतून स्वतः शिकतील असे, वर्ग उभे केले, आणि राज्यभरातून शिक्षक ते पाहायला आले. कलमाने मर्यादा आखली आणि शिक्षकांनी तिच्या आत नवी रीत घडवली, हा क्रम मुलामुलांतल्या छळाबाबतही जमू शकतो.

तेव्हा कायद्यात हवे ते एवढेच. छळाची व्याख्या, तिच्यात वाळीत टाकणे आणि मोबाइलवरची बदनामी स्पष्ट शब्दांत. तोंडी तक्रारही नोंदवून घेण्याचे आणि तिची पोच देण्याचे बंधन, तक्रार मुलाची असो, आजीची असो की वर्गमित्राची. पहिल्याच दिवशी त्या मुलाच्या सुरक्षिततेची व्यवस्था, सात दिवसांत लेखी कृती-आराखडा, महिन्याने फेरतपासणी. छळ करणाऱ्या मुलाला काढून न टाकता त्याच्याशी व त्याच्या घरच्यांशी काम करण्याची सक्ती, कारण बहुधा त्यालाही घरी कोणीतरी तसेच वागवत असते. शाळेच्या फाटकापासून घरापर्यंतची वाट, एसटीची मागची बाकडी आणि वसतिगृहाची खोली शाळेच्या जबाबदारीत. नोंद करणाऱ्या मुख्याध्यापकाला संरक्षण आणि नोंद दडपणाऱ्यावर सेवानियमांची कारवाई.

यातले बरेचसे करायला सातारा किंवा सांगली जिल्हा परिषदेला विधिमंडळाच्या अधिवेशनाची वाट पाहावी लागत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात, हे कायद्यानेच ठरलेले आहे. तिच्या मासिक बैठकीत 'अनियमित' शेरा पडलेल्या मुलांची नावे आणि कारणे हा विषय पोषण आहाराच्या आधी घ्यावा, एवढे परिपत्रक शिक्षणाधिकारी काढू शकतात. राज्याच्या कायद्याची गरज लागते ती वरच्या पायऱ्यांसाठी. दोन शिक्षकांच्या शाळेत एक पद वर्षभर रिक्त असेल आणि सुट्टीत मैदानावर उभे राहायला माणूसच नसेल, तर तिथल्या छळाचा खुलासा त्या एकट्या शिक्षकाकडून मागू नये. तो गटशिक्षणाधिकाऱ्याने लेखी द्यावा, पद का भरले नाही याच्या कारणासह, आणि तो समितीपुढे वाचून दाखवण्याचे बंधन त्याच कलमात असावे.